वजाबाकीत उरलेले

चांदीचा भाव चढला की घरोघरच्या जुन्या ट्रंका उघडतात. तुटके पैंजण, चेपलेली अत्तरदाणी यांच्याबरोबर सराफाच्या तराजूत कधीमधी एखादं जाड, गोल पदकही येऊन पडतं. एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ढाल नि कवटी, शेजारी १९१४ आणि १९१८. सराफ हे काही पाहत नाही, तो कस पाहतो. वाचण्यासारखं असतं ते पदकाच्या काठावर. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी शिपायांचं नाव जगात कुठे कोरलं गेलं असेल तर ते एवढ्या काठावरच, आणि मुशीत गेलं की तेही संपलं. गावाच्या वेशीत किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या त्या मानाने टिकल्या, पण त्यांच्यावर नावं नाहीत. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. दोन आकडे. परत किती आले हे वाचणाऱ्याने मनातल्या मनात काढायचं. मेलेल्याला निदान आकडा मिळाला. जिवंत परतलेला माणूस म्हणजे वजाबाकीची बाकी. ही वजाबाकी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

ती देशभरासाठी मांडली तर आकडा छाती दडपवणारा होतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं समुद्रापार गेली, त्यांतली सुमारे निम्मी एकट्या मेसोपोटेमियात, म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेल्या बसऱ्याकडे. मेली सुमारे ७४ हजार. म्हणजे सव्वाबारा लाखांच्या आसपास परतली आणि कुठल्या ना कुठल्या उंबऱ्याच्या आत गेली. त्यांच्याबद्दल घराघरांत जे उरलंय ते बहुधा एका वाक्यात: लढाईवरून आले आणि बदलले. पुढचे किस्से हसत हसत सांगितले जातात. फटाके वाजले की माळ्यावर जाऊन बसायचे, भाकरीचा तुकडा ताटात उरू द्यायचे नाहीत, रागावले की हिंदुस्थानीत बोलायचे, नातवंडांची हजेरी घ्यायचे. जरा चक्रमच झाले होते म्हणा ना! या हशावर माझा जुना राग आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. त्या वाक्यात बदलणारा एकटा तो, बदलवणारी लढाई, आणि घर मात्र पुरलेल्या खुंटासारखं जागच्या जागी. माझं म्हणणं असं की घर जागच्या जागी नव्हतंच, आणि त्या माणसाला गप्प करण्यात लढाईचा जितका हात होता तितकाच घराचा, गावाचा आणि हिशेब ठेवणाऱ्यांचा होता.

लढाईचा हात आधी मान्य करून टाकू. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना बिनस्प्रिंगच्या मालवाहू छकड्यांत घालून तैग्रिसच्या काठी आणलं आणि बोटींत कोंबून बसऱ्याकडे धाडलं. त्यातली ‘मेजिदिया’ धक्क्याकडे येत होती तेव्हा मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरला वाटलं, बोटीच्या कडेने दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं की ते वाळलेल्या विष्ठेचे ओघळ होते. हगवणीने खचलेल्या जखमींना कठड्यापासून हलता येत नव्हतं. कार्टरने वर तक्रार केली तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, १९१७ मध्ये अहवाल आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले, आणि इतिहासाची पुस्तकं तिथून थेट सुधारणांच्या प्रकरणाकडे वळतात. कठड्याशी पडलेले ते लोक कुठल्या गावचे होते आणि घरी जाऊन काय म्हणाले, हा प्रश्न त्या पुस्तकांचा नाही.

पण कूतचा वेढा पाहिला की लढाई आणि घर यांची गाठ कुठे पडते ते दिसतं. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी डिव्हिजन पुण्याची म्हणून ओळखली जाई, आणि १०३, ११० नि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असे १४७ दिवस ही फौज तैग्रिसच्या एका वळणात अडकून राहिली. अन्न संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं, बहुतेक हिंदी शिपायांनी नाकारलं. मग ते हाडकुळे झाले, त्यांच्या हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीने माणसं रुग्णालयात भरली. हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांची संमती बिनतारी संदेशाने मागवली गेली, तरी आठवडेच्या आठवडे शिपाई ढळले नाहीत. अधिकाऱ्यांनी याला धर्मभोळेपणा म्हटलं. शिपायांची भीती मात्र अगदी व्यवहारी होती. देव माफ करील, पण भावकी करणार नाही. गावात कळलं तर वाळीत पडू, पोरीची सोयरीक मोडेल. एप्रिलमध्ये, दिवसाला काही औंस जवाच्या पिठावर आल्यानंतर आणि बढत्या रोखण्याची धमकी मिळाल्यानंतर, अनेकांनी घोड्याचं मांस खाल्लं. आता त्यातला एखादा परत आल्याची कल्पना करा. ओसरीवर चारचौघं जमलेत आणि कोणीतरी विचारतं, तिकडे खायला काय देत होते? त्याने या प्रश्नाला कधीच सरळ उत्तर दिलं नसेल, तर ते तोफांनी मन बधिर झालं म्हणून, की समोर बसलेल्यांची त्याला पुरती ओळख होती म्हणून? मला दुसरं कारण जास्त पटतं.

कूत पडल्यावर सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली. टाउनशेंडची रवानगी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर झाली, तिथे त्याची बडदास्त उत्तम राहिली. साध्या शिपायांना मात्र वाळवंटातून बगदाद, सामर्रा, मोसुल असं चालवत नेलं, आणि जे वाटेत पडले नाहीत त्यांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो मेले. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तुर्कस्तानशी शस्त्रसंधी झाली, तेव्हा उरलेल्यांची परतीची वाट उघडली. इथे ती वजाबाकी पुन्हा आडवी येते, फक्त आता उलट्या बाजूने. जूनमध्ये मुंबईला लागलेली इन्फ्लुएन्झाची साथ सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत दख्खनभर पसरली होती. एकट्या मुंबई इलाख्यात तिने सुमारे दहा लाख माणसं नेली. त्याच साली पावसाने दगा दिला, धान्य कडाडलं. म्हणजे मेसोपोटेमियात गेलेला माणूस जिवंत होता आणि सुरक्षित म्हणून मागे ठेवलेलं घर रिकामं झालं होतं, असं अनेक वस्त्यांत घडलं असणार. जाताना निरोप द्यायला आलेली आई नाही, धाकटा भाऊ नाही, बायको असली तर ती तीन वर्षं कुंकू लावावं की पुसावं या पेचात काढून बसलेली. अशा घरात पाऊल टाकणारा माणूस बोलेनासा झाला, तर त्याचं खापर आपण बसऱ्यावर फोडतो. उलट बाजूने पाहिलं तर आपलं गाव ओळखू न येण्याची पाळी त्याच्यावर आली होती, आणि तसं म्हणायची सोयही त्याला नव्हती. ज्यांनी घरातली माणसं पुरली-जाळली त्यांच्यापुढे मी फार सोसलं असं कोणत्या तोंडाने सांगणार?

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे सगळं आजच्या मानसशास्त्राचं ओझं आहे, त्या पिढीला मनाचा आजार ठाऊकच नव्हता, ती माणसं सोसायची आणि कामाला लागायची. हे खरं नाही. फेब्रुवारी १९१५ मध्येच चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये तोफमाऱ्याने खचलेल्या सैनिकांची लक्षणं मांडली होती. युद्ध संपण्याआधी ब्रिटिश अफसरांसाठी स्कॉटलंडमध्ये क्रेगलॉकहार्टसारखी खास रुग्णालयं होती, आणि नंतर हजारो ब्रिटिश माजी सैनिकांना याच कारणासाठी पेन्शन मिळालं. निदान उपलब्ध होतं, फक्त ते सगळ्यांना वाटलं गेलं नाही. हिंदी शिपाई फ्रान्सच्या खंदकातून हाताला गोळी लागून आला की त्याच्याबद्दल पहिला विचार येई तो संशयाचा: यानेच मारून घेतली असेल. हा संशय इतका बोकाळला की ब्रायटनच्या किचनेर रुग्णालयात कर्नल सेटनने एक हजार जखमांची बारकाईने छाननी केली, आणि तिच्यातून या सरसकट आरोपाला आधार मिळाला नाही. सेटनचं काम प्रामाणिक होतं. पण गोऱ्या अफसराच्या कापऱ्या हातासाठी डॉक्टर आणि हिंदी शिपायाच्या फुटलेल्या हातासाठी चौकशी, ही वाटणी आधीच झालेली होती. त्यात लढवय्या जातींचा सिद्धान्त. ज्याला सरकारने जन्मजात शूर ठरवून भरती केलं, त्याने झोपेत ओरडणं हा सिद्धान्ताचाच अपमान. ही शाबासकी आपणही मोठ्या हौसेने अंगावर घेतली आणि अजून उतरवलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळेच परतलेले काही मोडलेले नव्हते. कित्येकांनी शेती केली, घरं बांधली, गावात मान मिळवला. साताऱ्याजवळच्या अपशिंगेला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, आणि तिथे पिढ्यानपिढ्या घरटी माणूस फौजेत गेला. बाप उद्ध्वस्त होऊन आला असता तर त्याने मुलाला त्याच वाटेवर धाडलं असतं का? प्रश्न रास्त आहे. मीही सगळे मोडून आले असं म्हणत नाही. ते तसं मानणं ही त्यांच्यावर केलेली आणखी एक जबरदस्ती ठरेल. पण मुलाला भरतीच्या रांगेत उभं करण्यात लढाईला होकार किती होता आणि कोरडवाहू जमिनीला नकार किती होता, हे माण-खटावचा पाऊस मोजणाऱ्याने सांगावं. मनीऑर्डर दर महिन्याला येते, पाऊस येत नाही. शिवाय मान मिळतो तो कशाला, हेही पाहायला हवं. मान गणवेशाला, पदकांना, पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभ्या केलेल्या ताठ म्हाताऱ्याला मिळतो. त्या मानाची एक अट असते, की काय झालं ते त्याने सांगायचं नाही, किंवा आपल्याला हवं तेवढंच सांगायचं.

आणि सांगायचं म्हटलं तरी साधनं कुठे होती? कूतच्या वेढ्यात बंगाल अँब्युलन्स कोअरचा शिशिर सर्वाधिकारी हा शिकलेला तरुण होता. कैदेत त्याने रोजनिशीचे कागद बुटांत दडवून वाचवले, आणि पुढे १९५० च्या दशकात त्यांतून ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक झालं. त्याच वेढ्यातला आमचा शिपाई बहुधा अंगठा उठवणारा. त्याचं पत्र दुसरा लिहिणार, तिसरा सेन्सॉर करणार, आणि घरी चौथा वाचून दाखवणार. चार माणसांच्या देखत कोणी काळीज उघडत नाही. मेल्यानंतरचा हिशेबही तसाच. १९२९ मध्ये बसऱ्याला उभारलेलं स्मारक ४० हजारांहून अधिक मृतांचं, पण नावं कोरली ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साधे हिंदी शिपाई पलटणीगणिक नुसत्या आकड्यात. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाची उघड कबुली दिली ती २०२१ मध्ये. मेलेल्यांना नाव मिळायला ही तऱ्हा, तर परतलेल्यांची कथा कोण टिपणार?

इथवर मी ‘बदलला’ म्हणजे खचला असंच धरून चाललो. पण गावाच्या तोंडी याच तक्रारीचा आणखी एक सूर असे, आणि तो महारवाड्याकडे बोट दाखवून लागे. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली; ज्यांच्या घरात सुभेदार-हवालदार होऊन गेले त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही लढाऊ नाही. महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. मधल्या काळात कवायत केलेला, बूट घातलेला, हुकूम दिलेला माणूस गावी आला तर गाव त्याला पुन्हा येसकराची काठी घ्यायला सांगणार. त्याने घेतली नाही की तो पलटणीतून आल्यापासून माजला. या बदलाला कोणी आजार म्हटलं नाही, पण खटकला तो खचलेल्या शिपायाच्या मौनापेक्षा कितीतरी जास्त. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असे पेन्शनर पुष्कळ होते. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य सी. के. बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तो कागदावर मान्यही केला. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर, स्वतः एका सुभेदाराचे पुत्र, महाडला परिषदेसाठी आले, तेव्हा तिच्या उभारणीत आणि चवदार तळ्याकडे निघालेल्या रांगेत निवृत्त लष्करी माणसं होती. पाणी प्यायल्यावर जमावाने परतणाऱ्यांवर लाठ्या घातल्या. लढाई पाहिलेल्या त्या माणसांना उलटा हात उगारणं अवघड नव्हतं. आंबेडकरांनी त्यांना थांबवलं आणि ते थांबले. नंतर गावच्या मंडळींनी तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ते शुद्ध करून घेतलं.