फोन कोणत्या कानाला लावता?

आई अलीकडे फोन नेहमी उजव्याच कानाला लावते, हे माझ्या लक्षात आले होते. परंतु ‘वय झाले’ म्हणून मी ते सोडून दिले. नांदूरघाटात इतकी वर्षे रुग्ण तपासणाऱ्या माझ्याकडून ही चूक झाली. वार्धक्यातील बहिरेपण सहसा दोन्ही कानांत सारखेच उतरते. एकच कान मागे पडला, तर कारण शोधलेच पाहिजे.

कानात मळ नव्हता, पडदा शाबूत होता. अंबाजोगाईला श्रवणचाचणी केली, तेव्हा दोष डाव्या कानाच्या नसेकडे असल्याचे दिसले. तज्ज्ञांनी एमआरआय सुचवला.

“डोक्यात काही आहे का रे?” आईने विचारले.

“बहुतेकांच्या तपासणीत काही निघत नाही. पण पाहून घेऊ.”

आईच्या श्रवणनसेलगत वाटाण्याहून लहान गाठ निघाली. अशी गाठ कर्करोगाची नसते आणि बहुधा संथ वाढते. वय पाहता, शस्त्रक्रियेऐवजी ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय करून लक्ष ठेवायचे ठरले. अंधारात तिचा तोल का जाई, हेही तेव्हा उमगले.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. यंत्राचा आवाज मात्र मोठा असतो. पेसमेकर वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगावे. आणि एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तेथे विलंब महागात पडतो.

आता प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला मी आवर्जून विचारतो, “फोन कोणत्या कानाला लावता?”