कुसात्सूचें उन्हाळें

आमच्या मध्यमवर्गीय घरांत स्नान हा जितका नित्याचा, तितकाच एकांताचा विधि आहे. न्हाणीघराची कडी लागली, कीं आंतल्या माणसाचा बाहेरच्या जगाशीं संबंध बादलीच्या आवाजापुरताच उरतो. एखाद्या स्तोत्राचा चरण ऐकूं येईल, फार तर ‘टॉवेल राहिला’ अशी हांक येईल. अधिक कांहीं नाहीं. नदीच्या घाटावर चारचौघांत स्नान करणारे आमचे आजोबादेखील कमरेचा पंचा सोडीत नसत. अशा संस्कारांत पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास, अपरिचित गृहस्थांसमवेत सर्वस्वीं विवस्त्र होऊन एका हौदांत बसावें लागणार, ही वार्ता कशी वाटली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

वार्ता आणिली आमच्या चिरंजिवांनीं. ते अकरा वर्षें टोकियोस नोकरीनिमित्त आहेत. गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही उभयतां त्यांजकडे गेलों, तेव्हां डोंगरांतील एका र्‍योकानांत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पथिकगृहांत, दोन रात्री राहण्याचा बेत त्यांनीं आधींच करून ठेविला होता. आमची कुरकुर ऐकून ते म्हणाले, “इकडे ‘हादाका नो त्सुकिआइ’ म्हणतात, बाबा. उघड्या अंगाची सोबत. कपडे उतरले कीं हुद्दाही उतरतो.” हुद्दा उतरविण्याची आम्हांस फारशी हौस नव्हती, तरी गेलों.

टोकियोच्या उएनो स्थानकावरून आगगाडीनें सुमारें अडीच तास आणि पुढें बसनें अर्धा तास, इतक्या अंतरावर गुन्मा प्रांतांत कुसात्सू हें गांव आहे. उंची सुमारें बाराशें मीटर. गांवाच्या मधोमध एखाद्या वाफाळत्या शेतासारखा उष्णोदकाचा विस्तीर्ण हौद असून त्याचें नांवही ‘युबाताके’, म्हणजे ऊनपाण्याचें शेत, असेंच आहे. लांकडी पन्हळींतून पाणी खेळवून तें निववितात, आणि पन्हळींच्या तळाशीं बसलेला गंधकाचा सांका काढून घेतात. साऱ्या गांवास गंधकाचा दर्प आहे. दुसऱ्या दिवशीं तो जाणवेनासा होतो. पाणी असें आम्ल, कीं लिंबाच्या रसाशीं त्याची तुलना करितात. लोखंडी खिळा त्यांत टाकिला तर कांहीं दिवसांत झिजून नाहींसा होतो. १८७६ सालीं जपानांत आलेले जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनीं या पाण्याची महती पुष्कळ वाढविली. गांवांत त्यांचा अर्धपुतळा आहे. कढत पाण्यांत थंड पाणी मिसळावें, तर गुण पातळ होतो. म्हणून लांबलचक फळ्यांनीं तें घुसळून घुसळून निववावयाचें, अशी येथील जुनी रीत. बायका गाणें म्हणत हें काम करितात. आमच्या सौभाग्यवतींस तें पाहून ताकाच्या डेऱ्याची आठवण झाली.

उष्ण झरे आम्हांस नवे नव्हेत. कोंकणांत त्यांस उन्हाळें म्हणतात; राजापुराजवळच्या गांवाचें तर नांवच उन्हाळे. वज्रेश्वरीचें ऊन पाणी म्हणजे देवीनें मारिलेल्या दैत्यांचें रक्त, अशी कथा आम्हीं लहानपणीं ऐकिली आहे. आम्हीं आपल्या झऱ्यांपाशीं देवता बसविली. जपान्यांनीं त्यांचा कायदा केला. त्यांच्या १९४८ च्या कायद्यान्वयें जमिनींतून निघणारें पाणी २५ अंशांहून उष्ण असलें, किंवा त्यांत ठराविक द्रव्यांपैकीं एखादें पुरेसें असलें, कीं तें ‘ओनसेन’ ठरतें.

र्‍योकानाच्या दारांत पादत्राणें काढावीं लागतात, ही गोष्ट आपल्या माणसास सुखाची. खोलींत गवती चटयांची तातामी, एक बुटकी चौरंगासारखी मेज, भिंतींतील कोनाड्यांत एक चित्रपट आणि त्यापुढें एकच फूल. दुसरें सामान नाहीं. जेवणाची वर्दी आधींच दिली होती, म्हणून माशाच्या अर्काऐवजीं सागरी शैवालाचें सार, अळंबीं आणि टोफू असा बेत मिळाला. आम्ही जेवीत होतों, तोंवर शेजारच्या खोलींत कोणीतरी निःशब्दपणें अंथरुणें घालून गेलें. ‘युकाता’ नांवाचा सुती झगा नेसतांना डावा पदर वर घ्यावयाचा, उजवा नव्हे. उजवा पदर वर असतो तो प्रेताचा. सव्यापसव्याचा घोळ जाणणाऱ्या आम्हांस हें चटकन् पटलें.

स्नानगृहाच्या दोन दारांवर दोन पडदे होते; निळा पुरुषांचा, तांबडा स्त्रियांचा. आंत प्रथम बुटक्या तिवईवर बसून साबणानें अंग स्वच्छ धुवावयाचें, साबणाचा अंशही राहूं द्यावयाचा नाहीं, आणि मगच हौदांत उतरावयाचें. आपण मळ घालविण्यासाठीं पाण्यांत शिरतों. येथें मळ घालवून मग शिरतात. सोंवळें म्हणावें तर हेंच! संकोचाचें म्हणाल, तर पूर्वीं या देशांत स्त्रीपुरुष एकत्र स्नान करीत. मेइजी सरकारनें पाश्चात्यांच्या डोळ्यांस तें खुपतें, म्हणून त्यावर बंदी घातली. संकोचही कधीं कधीं परक्यांकडून शिकावा लागतो. आम्हांस मात्र भीति निराळीच होती. सोसेकी यांच्या ‘बोत्चान’ या १९०६ च्या कादंबरींत एक शिक्षक अशाच स्नानगृहांत पोहतो, आणि ‘स्नानगृहांत पोहूं नये’ असें त्याचे विद्यार्थी वर्गांतील फळ्यावर लिहून ठेवितात. आमचा कोणी विद्यार्थी त्या गांवीं असण्याचा संभव नव्हता, तरी आम्हीं एकदां चहूंकडे पाहून घेतलें.

पाहून उपयोग नव्हता. वाफेमुळें चष्मा काढून ठेविला होता, आणि चष्म्यावांचून आम्हांस चार हातांवरील माणूस म्हणजे एक डाग. समोरचा डाग म्हणजे आमचे चिरंजीव. डोक्यावर घडी केलेला रुमाल, पाणी गळ्यापर्यंत. बराच वेळ पाण्याचा आवाज तेवढा होता. मग डाग बोलला.

“बाबा, मी इथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलाय. दोन महिने झाले. फोनवर सांगवेना.”

दर रविवारीं फोनवर आमचें बोलणें होतें: पाऊस, रक्तदाब, भाजीचे भाव. पुण्याच्या घरावर चार वर्षांपूर्वीं आम्हीं एक मजला चढविला, तो कोणासाठीं, हें त्या बोलण्यांत कधीं आलें नाहीं. आम्हीं विचारलें नाहीं, त्यांनीं सांगितलें नाहीं. वर्गांत तासभर अस्खलित बोलणाऱ्या आम्हांस त्या वेळीं सुचलें तें इतकेंच: “आईला सांगितलंस?”

“नाहीं. आधीं तुम्हांला.”

“वरच्या मजल्याचं काय करूं?”

“भाड्यानं द्या. नाहींतर तुमचीं पुस्तकं वर न्या. आई सुटेल.”

आम्हांस हसूं आलें, आणि हसतां हसतां घसा दाटला. तें त्यांस दिसलें कीं नाहीं, नकळे. वाफ त्यांच्याही बाजूस होतीच. क्षणभर तो आवाज आमच्या वडिलांचा वाटला. चेहरा दिसत असतां हें साम्य आमच्या कधींच लक्षांत आलें नव्हतें. पाणी फार कढत होतें, म्हणून आम्ही बाहेर येऊन पुन्हां तिवईवर बसलों, तों चिरंजीव पाठीमागें येऊन बसले. “चला, पाठ चोळून देतों. इथं मुलं देतात.” नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांच्या पाठीस आम्ही उटणें चोळीत असूं, तें त्यांच्या दहाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर त्या घरांत कोणी कोणाच्या पाठीस हात लाविला नव्हता. त्यांचा हात चांगलाच जड आहे.

सौभाग्यवती तासाभरानें तांबड्या पडद्यांतून बाहेर आल्या, त्या पहाटे पुन्हां जाण्याचा निश्चय करूनच. पायांतील जोडवीं काढण्यास त्यांनीं साफ नकार दिला होता. गंधकाच्या पाण्यानें तीं काळीं ठिक्कर पडलीं होतीं. त्याचें त्यांस कांहींच वाटलें नाहीं. रात्रीं दिवा मालविल्यावर आम्हीं त्यांस हलकेच ती गोष्ट सांगितली. रडें फुटेल, म्हणून पाण्याचा तांब्या जवळ घेऊन ठेविला होता.

“मला ठाऊक होतं,” त्या कूस पालटून म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वीं माझं जुनं पोळपाट-लाटणं इकडे मागवून घेतलंन्, तेव्हांच.”

निघावयाच्या दिवशीं सकाळीं दारांत बूट ओळीनें लावून, तोंडें बाहेरच्या बाजूस करून ठेविले होते. गल्ल्यापाशीं चिरंजीव हिशेब वाचून दाखवीत होते: दोघांची खोली, त्यांची खोली, जेवणें, स्नानकर. आमचा हात संवयीनें खिशाकडे गेला. “राहूं द्या, बाबा,” ते म्हणाले, आणि आम्हीं राहूं दिलें.