माझ्या वतीनं दिलेलं उत्तर

आज जरा घरातला विषय काढतेय. नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांना थोडं टोचेल, पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय, तेव्हा एकदा लिहून मोकळं व्हावं म्हणते.

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तीन महिन्यांची होते. पाळकांनी मला प्रश्न विचारले. देवावर विश्वास आहे का, सैतानाचा धिक्कार करतेस का वगैरे. मी अर्थातच झोपले होते. माझ्या वतीनं उत्तरं दिली ती धर्ममातेनं आणि धर्मपित्यानं. आमच्याकडे ही पद्धत अँग्लिकन लोकांकडून आली. १९७० साली नागपूरला बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आमचीही मंडळी गेली, पण लेकराच्या वतीनं मोठ्यांनी उत्तर देणं चालूच राहिलं. मग मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की त्याचं दृढीकरण होतं. म्हणजे बिशपसमोर उभं राहून सांगायचं, की तेव्हा माझ्यासाठी जे बोललात ते आता मी स्वतः बोलतो.

विचार केला तर केवढी मोठी गोष्ट आहे ही! कुठलाही धर्म आपल्या पोराला म्हणतो का, की बाबा रे, आम्ही तुझ्यासाठी उसनं बोललो होतो, आता तू तुझं बोल? पण प्रत्यक्षात होतं काय, तर वर्गात प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात. उत्तर तर तयार असतंच, प्रश्नही तयार असतो. आपला प्रश्न विचारायला जागाच नसते. माझ्या वेळी आम्ही आठजण होतो. आठही जणांनी घडाघडा म्हणून दाखवलं, संध्याकाळी केक कापला, झालं.

आता मुद्द्यावर येते. आमचं मूळ जुन्नर तालुक्यातलं. चर्च मिशनरी सोसायटीनं एकोणिसाव्या शतकात जुन्नरला ठाणं उघडलं होतं, त्यांच्या शाळा होत्या. पुढे कधीतरी आमचे पणजोबा अशाच एका शाळेत अक्षर शिकले आणि विशीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महारवाड्यातलं घर. भावकीनं पंगतीतून उठवलं. त्यांचे सख्खे धाकटे भाऊ मात्र नाही आले. ते सासुरवाडीच्या आधारानं शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गेले, आणि त्यांच्या मुलांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. तर अशा आमच्या दोन फांद्या. एक जुन्नरची ख्रिस्ती, एक घोडेगावकडची बौद्ध. लग्नाकार्याला जाणंयेणं आहे, नाताळचे करंजी-अनारसे तिकडे जातात, १४ एप्रिलला आम्ही तिकडे जातो. धर्मावरून बोलणं मात्र कुणी काढत नाही. दोन्हीकडची माणसं समजूतदार आहेत.

गेल्या वर्षी तिकडची चुलत आजी गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. माझे वडील शाळेसाठी दोन वर्षं तिच्या घरी राहिले होते. घरात भाकरी मोजून असायच्या, पण ती म्हणे आधी पोराला वाढायची आणि उरलं तर आपण खायची. वडील हे सांगताना अजूनही मधेच थांबतात.

माझा भाचा त्याच सुमारास दृढीकरणाच्या वर्गाला जात होता. मी त्याची आत्या आणि धर्ममाताही. वर्गात त्याला सांगितलं होतं, की बाप्तिस्म्याशिवाय आणि ख्रिस्तावरच्या विश्वासाशिवाय तारण नाही, बाकीचे सगळे नाशाकडे जातात. पोरगं घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणालं, "म्हणजे घोडेगावची आजी नरकात गेली?"

कुणी काही बोलेना. मग एक वडीलधारे म्हणाले, "असलं विचारायचं नसतं रे, देवाच्या गोष्टी आहेत." पोरानं माझ्याकडे बघितलं. आणि का बघणार नाही? पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या वतीनं "माझा विश्वास आहे" असं मीच म्हटलं होतं ना!

त्या रात्री मी पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार काढला. इंग्रजीत आहे, १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला. रमाबाई म्हटलं की केडगावचं मुक्ती मिशन एवढंच आपल्याला ठाऊक असतं. ख्रिस्ती घरांत तर त्यांचा फोटो भिंतीवर असतो, पण ही पत्रं फारशी कुणी वाचत नाही. गंमत अशी, की २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरची काही वर्षं आपल्याच गुरूंशी वाद घातला. त्रैक्य पटत नाही, येशूच्या देवत्वाबद्दल शंका आहे, अथानेशियसच्या नावानं चालणारा मतांगीकार मान्य नाही. सिस्टर जेराल्डीन, ज्यांना त्या आईसारख्या मानत, त्या समजावतायत, रागावतायत, हा तुझा अहंकार आहे म्हणतायत. रमाबाई आदरानं लिहितात, पण हटत नाहीत. त्यांचा सूर असा, की मी ख्रिस्ताची झाले याचा अर्थ प्रत्येक पुरोहिताच्या हुकमाची बांधील झाले असा नाही. ते जोखड एकदा उतरवून आलेय, पुन्हा कशाला घालू? लहानग्या मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रमाबाई नुसतं "पटत नाही" म्हणून थांबल्या नाहीत. पटत नाही म्हणणं सोपं असतं हो, ते आपण चहा पिता पिताही म्हणतो. त्यांनी पुढच्या आयुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं. बाईमाणसाला, गावाकडच्या मुलीला कळेल असं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तोवर हेच काम चालू होतं. दुसऱ्यानं सांगितलेला अर्थ नको असेल तर मुळापर्यंत स्वतः जा, हा त्याचा अर्थ. आणि असं खणत गेल्यावर त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास पुढे अधिक घट्टच झाला. प्रश्न विचारले की श्रद्धा जाते, असं जे आपल्याला सांगतात त्यांनी केडगावला एकदा जाऊन यावं.

दुसरं घर टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या तरी सोवळं सांभाळून होत्या, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. जातिभेद देवानं केला की माणसानं, याचा त्यांनी आपल्या पद्धतीनं विचार केला, माणसानं केला असं मनाशी ठरलं, आणि मग शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको आपोआप झाली, असं त्या घरात घडलं नाही. आणि खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्याचं दार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही उघडं होतं. म्हणजे आमच्या भाच्याचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अहमदनगर-साताऱ्याकडे विचारून झालेला आहे. नवीन काही नाही.

आणि घोडेगावच्या फांदीचं काय? त्यांचाही निर्णय काही वाऱ्यावरचा नव्हता. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये २१ वर्षं गेली. एवढी वर्षं वाचून, तपासून, मग बावीस प्रतिज्ञा. चुलत आजी एकोणीस-वीस वर्षांची नवी सून होती, पण आपण काय म्हणतोय हे तिला कळत होतं. तिच्या वतीनं दुसरं कुणी बोललं नाही.

आपल्या जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत, तिथल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्यानं भोजनमंडप. दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. कुठून कुठून आलेली माणसं, जन्मानं त्या वाटेवरची नसणार. त्यांनी आपलं आपण ठरवलं आणि पाण्याची आणि जेवणाची सोय केली. शिवनेरीला पोरं शंभरदा जातात, पण हे लेख त्यांना कुणी दाखवत नाही.

मला जे म्हणायचंय ते एवढंच. आपण पणजोबांचा वारसा सांभाळतो म्हणतो, पण पणजोबांनी केलं काय होतं? वडिलांकडून आलेलं तपासून बघितलं, त्याची किंमत मोजली आणि स्वतःच्या तोंडानं उत्तर दिलं. आपण त्यांचं उत्तर तेवढं उचललं आणि ते तपासणं सोडून दिलं. अशानं चार पिढ्यांत ज्या गोष्टीतून पणजोबा बाहेर पडले तीच आपण घरात पुन्हा उभी करू, फक्त नाव ख्रिस्ताचं असेल.

भाच्याला मी काय सांगितलं? मला जे ठाऊक आहे ते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचा दिवस आहे. तिथे विचारलं जातं ते भुकेल्याला अन्न दिलंत का, तहानेल्याला पाणी दिलंत का. आणि ज्यांनी दिलं त्यांना आपण ख्रिस्तालाच दिलं हे माहीतही नसतं. योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं वचनही दाखवलं, ज्यात येशू म्हणतो की त्याच्याद्वारे आल्याशिवाय कुणी पित्याकडे येत नाही. ते लपवणं मला बरोबर वाटत नाही. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. आपण दर रविवारी म्हणतो त्या प्रेषितांच्या मतांगीकारात, येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल असं आहे, कोण कुठे जाईल याची यादी नाही. आपल्याहून कडक समजल्या जाणाऱ्या कॅथलिक चर्चनंही १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केलं, की स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानापासून दूर राहिलेला, पण मनापासून देवाला शोधणारा आणि विवेकानं चालणारा माणूस तारणाला पात्र ठरू शकतो. शेवटी म्हटलं, "ज्या बाईनं उपाशी राहून तुझ्या आजोबांना वाढलं ती नरकात आहे, असं मी म्हणणार नाही. हे माझं उत्तर. पाळकांचं वेगळं आहे, त्यांनाही विचार. पण माझंही तू उसनं घेऊ नकोस."

त्यानं नाही घेतलं. वर्गात जाऊन सांगितलं, मी यंदा दृढीकरण घेत नाही, मला एक वर्ष द्या. घरात वादळ झालं. "आत्यानं पोराला बिघडवलं" हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या फोनवर ऐकायला मिळालं. एका नातेवाईकांनी नाताळला बोलावलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री हेही मनात येतं, की उद्या त्यानं चर्चच सोडलं तर? तेव्हा देवासमोर मला काय म्हणता येईल? धर्ममाता म्हणून मी त्याला श्रद्धेत वाढवायचं वचन दिलंय. ती काळजी माझी आहे आणि ती मी कुणा पाळकांवर टाकू शकत नाही. पण न पटलेलं घडाघडा म्हणून त्यानं केक कापला असता तर ते वचन पाळलं गेलं असतं, असं काही मला वाटत नाही.

चर्चला मी जाते. उपासना संगीतातली गाणी मोठ्यानं म्हणते. मतांगीकारही म्हणते, पण आता सावकाश, प्रत्येक ओळीला आपण काय बोलतोय हे बघत. दोन ठिकाणी अजून अडखळते. ती दोन ठिकाणं वहीत लिहून ठेवलीत.

रविवारी दुपारी भाचा येतो. एक रमाबाईंचं भाषांतर आणि एक बायबल सोसायटीचं, अशी दोन पुस्तकं पुढ्यात ठेवून आम्ही लूक वाचतोय. दहाव्या अध्यायापर्यंत आलोय, तो दयाळू शोमरोनी. आपल्यातला नसलेल्या माणसानं जखमीला उचललं, हे ऐकून तो म्हणाला, "आत्या, हा तर घोडेगावचा." मी काही बोलले नाही, पुढची ओळ वाचायला लावली.

असो. फारच लांबलं. तुमच्याकडे, कुठल्याही धर्मात, तुमच्या वतीनं कुणी काय काय बोलून ठेवलंय, आणि त्यातलं तुम्ही स्वतः किती पुन्हा म्हणालात, हे वाचायला मला आवडेल. नातेवाईकांनी रागवायचं असेल तर फोनच करा, मी उचलते.