रस्ता बंद आहे

आरमोरीच्या चौकात उभं राहिलं की बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या वाटा बोटांवर मोजता येतात. एक वैनगंगेच्या पुलावरून ब्रह्मपुरीला आणि पुढे नागपूरला. एक वडशाला. एक वैरागडच्या जंगलाकडे. आणि एक ठाणेगाव, देऊळगाव, पोर्ला, काटली करत गडचिरोलीला. रेल्वे पकडायची तर वडसा गाठावं लागतं. वडसा ते गडचिरोली हा 52 किलोमीटरचा लोहमार्ग व्हायचाय, व्हायचाय म्हणत वर्षं गेली. अडलेली बाळंतीण ब्रह्मपुरीला न्यायची, कचेरीचं काम गडचिरोलीला. मोठ्या शहरात मोर्चा निघाला तर माणसं पलीकडच्या गल्लीतून वाट काढतात. आमच्याकडे पलीकडची गल्ली नाही, तिथे धानाची बांधी आहे आणि तिच्यापुढे जंगल.

पावसाळ्यात रस्ता नदी अडवते. 2020 च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचं पाणी वैनगंगेत आलं तेव्हा काठची गावं पाण्यात गेली, रस्ते तुटले. पण पुरावर कुणाचा राग नसतो. अडकलेली माणसं एकमेकांची विचारपूस करतात, कुणीतरी चहा आणतं. माणसांनी रस्ता अडवला की हवा बदलते. बोलणं कमी होतं. जो तो दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, हा यांच्यातला की आपल्यासारखा अडकलेला?

आमच्या पिढीला बंद ही गोष्ट आधी जंगलाकडून कळली. 28 जुलैपासून नक्षल्यांचा शहीद सप्ताह, 2 डिसेंबरपासून त्यांच्या सशस्त्र दलाचा, पीएलजीएचा सप्ताह. खुद्द आरमोरीत दुकानं उघडी असायची, पण भामरागड, एटापल्लीकडच्या गाड्या थांबायच्या. रस्त्यावर झाडं आडवी पडल्याची, रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळल्याची बातमी यायची. डिसेंबर म्हणजे धानाची मळणी आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचा भर. रात्रभर नाटक बघून पहाटे परतणारा हा मुलूख त्या आठवड्यात सांज पडायच्या आत घर गाठायचा. 2019 च्या महाराष्ट्रदिनी आमच्या शेजारच्या कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली, आणि त्याच दिवशी तिकडे निघालेले 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात मारले गेले. जळालेल्या वाहनांची बातमी ऐकली की आजही आधी ते जवान आठवतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा नेता भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. पत्रकांवरून पाळले जाणारे बंद आता ओसरले आहेत. राहिले ते आमच्या माणसांचे.

त्यांच्याबद्दल बोलणं मला जड जातं, कारण त्यांचं दुःख खरं असतं. सीटी-1 नावाचा वाघ वडसा, ब्रह्मपुरी, भंडाऱ्याच्या पट्ट्यात फिरत होता. ऑक्टोबर 2022 मध्ये तो जेरबंद झाला तोवर 13 माणसं गेली होती. सरपणाला, चाऱ्याला, मोहफुलाला जंगलात जाण्यावाचून गत्यंतर नसलेली माणसं. आणि 7 ऑगस्ट 2025 ची ती सकाळ. काटलीची सहा मुलं पहाटे व्यायामाला रस्त्यावर आली होती. ट्रक त्यांच्यावर गेला. चौघं दगावली. गाव रस्त्यावर येऊन बसलं, महामार्ग थांबला. त्या दिवशी अडकलेल्या गाडीतून उतरून कुणी त्या आईबापांना वाट मोकळी करा म्हणावं, असं मला अजूनही वाटत नाही.

अशाच एका चक्काजामात एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी होती. मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. लेक ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात बाळंत झालेली. "कवा मोकरा होते जी रस्ता?" ती वाहकाला पुनःपुन्हा विचारत होती. पुढे कुणीतरी सांगितलं, वाघाने बाई मारली म्हणून गाव बसलंय. म्हातारी गप्प झाली. मग म्हणाली, "बसू द्या मंग. थे बी कोनाची माय होती." डबा पदराखाली घेऊन ती उतरली आणि चालू लागली. बसलेल्या बायांनी सरकून तिला वाट दिली.

माझी वाट तिथे संपते जिथे टायर पेटतो. पेटलेला टायर तुम्ही जवळून पाहिला असेल तर ठाऊक असेल, धूर उडून जातो, पण डांबर वितळून खड्डा पडतो आणि रबरात असलेली बारीक तार त्यात रुतून राहते. रस्ता दुपारी सुटतो, साहेबांच्या गाड्या निघून जातात. तार पुढे कित्येक दिवस शाळेत जाणाऱ्या पोरींच्या सायकली पंक्चर करत राहते. जानेवारी 2019 मध्ये एटापल्ली तालुक्यात गुरुपल्लीजवळ खनिजाच्या ट्रकची आणि एसटीची धडक झाली, बसमधली माणसं मेली, आणि चिडलेल्या जमावाने ट्रक पेटवून दिले. तो राग मला समजतो. ठरवून जंगलातून येऊन लावलेल्या आगीच्या रांगेत मी त्याला बसवणार नाही. पण आज ट्रक पेटतो, उद्या हाताशी एसटी असते. एसटी जळाली की महामंडळ आधी काय करतं? मुक्कामी गाडी बंद करतं. आमच्या जिल्ह्यात गर्देवाडा-वांगेतुरीच्या वाटेवर पहिली एसटी धावली ती 1 जानेवारी 2025 ला, स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी. जिथे एक गाडी यायला एवढा काळ लागतो, तिथे तिच्या काचेवर दगड मारणारा हात स्वतःच्याच गावचा दरवाजा लावून घेतो.

आमच्या जुन्या चांदा जिल्ह्याला जाळपोळीची ही किंमत नवी नाही. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूरला जमावाने सरकारी माणसं मारली. सरकार परकं होतं, पोलिसांच्या गोळीबाराचा संताप होता. पण लष्कर आलं आणि किंमत मोजली ती गावातल्या बायांनी. त्यांच्यावरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींना 63 दिवस उपास करावा लागला. मला त्या उपासाचं बळ जाळपोळीपेक्षा मोठं वाटतं.

आणि एक गोष्ट, जी रागाच्या भरात कुणी पोरांना सांगत नाही. इथल्या प्रत्येक गावात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आहेत. पहाटे उठून ती याच महामार्गावर धावतात, कारण सपाट, लांब अशी दुसरी जागा नाही. त्यांच्या मागे मागे लहानही निघतात. दगडफेकीत नाव आलं, गुन्हा दाखल झाला, की चारित्र्य पडताळणीत फाइल अडते. पुढाऱ्यांच्या केसेस निघतात, पोरांच्या तारखा चालू राहतात. तीन-चार वर्षं धावून पाय घट्ट केलेला मुलगा एका दुपारच्या गर्दीमुळे घरी बसतो, आणि त्याच्या बापाला ते कुणाला सांगावं कळत नाही.

रस्ता अडवल्याशिवाय अधिकारी गावात येत नाही, हे मी नाकारत नाही. तहसीलदार येतात, भर रस्त्यात लेखी आश्वासन वाचून दाखवतात, टाळ्या होतात, लोक उठतात. तो कागद नंतर कुठे जातो? तो ग्रामपंचायतीच्या फलकावर तारखेसह चिकटवला पाहिजे, आणि दर ग्रामसभेत मोठ्याने वाचला पाहिजे. मला आरमोरी ते गडचिरोली या रस्त्याच्या कडेने धावण्यापुरती वेगळी पट्टी हवी आहे, दर गावाला एक मैदान हवं आहे, पहाटेच्या जड वाहनांच्या वेगाला आवर हवा आहे. एवढ्यासाठी मी स्वतः रस्त्यावर बसायला तयार आहे, उन्हात, दिवसभर. ॲम्बुलन्स आली तर उठून बाजूला होईन आणि ती गेली की परत बसेन. शेजारच्या पोराने दगड उचलला तर त्याचा हात धरेन. भरतीची जाहिरात कधीही निघू शकते.