पश्चिमेची काच

मी एका फर्निचर कंपनीसाठी ऑफिस इंटिरिअर्सच्या केस स्टडीज लिहिते. परवा जळगाव. मे महिना, पारा ४५ च्या घरात. हातात फॉर्म : कार्पेट एरिया, वर्कस्टेशन्स, एसीचं टनेज. ऑफिस एकदम चकाचक! फक्त पश्चिमेच्या काचेला आतून ब्राऊन पेपर.

"फोटोपुरता काढतो ना ताई," इंटिरिअरवाले म्हणाले.

कोपऱ्यातली अकाउंटंट हळूच म्हणाली, "चारनंतर स्क्रीनच दिसत नाही हो."

दुसऱ्या दिवशी धुळे. नंबरवाल्या गल्लीतलं सीए काकांचं ऑफिस. जाड भिंती, छोट्या खिडक्या. एसीच्या रकान्यात लिहिलं, 'एक कूलर'. (तिथून उठवेना, खरंच!)

कंपनीची मॅडम म्हणाली, कागदाचं नको लिहूस. मी लिहिलंय. चेक अजून यायचाय.