लहान मंत्रांची जाणती

वेड पांघरून पेडगांवास जाण्याची म्हण ज्या पेडगांवावरून पडली, तें भीमेकांठचें, अहिल्यानगर जिल्ह्यांतलें. आमचें पेडगांव तें नव्हे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जें लहानसें स्थानक लागतें, तें आमचें. तरीहि दिवाळीच्या सुटींत आम्ही दहापंधरा माणसें तेथें उतरलों, कीं कोणी ना कोणी ही म्हण ऐकविल्यावांचून राहत नाहीं. गेल्या दिवाळींत मात्र ती आम्हांस अक्षरशः लागू पडली. कारण घरांतलीं सारीं मुलें चार दिवस वेड पांघरूनच ओसरीवर बसलीं होतीं, आणि पांचव्या दिवशीं मीहि त्यांच्यांत जाऊन बसलों.

तो एक खेळ होता. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं तो प्रसिद्ध केला. नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. बुद्धिबळासारखा त्यांत पट लागतोच असें नाहीं. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन 'आतां मी असें करतों' म्हणून बोलतात. आणि तें साधलें कीं फसलें, हें बहुधा वीस पैलूंच्या फांशावर ठरतें. प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. (हा वर्ग जन्मावरून न मिळतां निवडीवरून मिळतो, एवढाच त्यांत व आपल्या जुन्या व्यवस्थेंत फरक, असें आमचे बंधु म्हणाले, वहिनींनीं त्यांना चहा देऊन गप्प केलें.)

माझी धाकटी पुतणी चौदा वर्षांची आहे. तिला पुस्तकांतला एकहि वर्ग पसंत नव्हता. त्या खेळांतला मूळचा मांत्रिक मंत्र पाठ करतो, एकदां उच्चारला कीं विसरतो, आणि पुनः विश्रांति घेऊन पाठ केल्यावांचून तो त्यास येत नाहीं. जॅक व्हान्स या कथालेखकाकडून ही कल्पना उचललेली आहे. पुढें १९८५ सालच्या एका पुरवणी-पुस्तकांत कांहीं अगदीं किरकोळ मंत्रांना जागा मिळाली, आणि २०१४ च्या आवृत्तींत तर ते हवे तेवढे वेळां म्हणण्याची मोकळीक झाली. मेणबत्ती पेटविणें, गार घांस ऊन करणें, मळलेलें वस्त्र स्वच्छ करणें, वीतभर चिरलेली वस्तु सांधणें, असलें हें काम. आगीचे गोळे फेंकणाऱ्या थोर मांत्रिकांच्या खिशांतली ही चिल्लर. पुतणी म्हणाली, "काका, जिच्याजवळ नुसती चिल्लरच आहे, पण ती कधीं संपतच नाहीं, असें पात्र कां नसावें?"

या प्रश्नानें मी गुंतलों. कारण असें पात्र शोधावयास आम्हांला अमेरिकेस जावयाचें नव्हतें. थोर यज्ञांचे मंत्र ज्या वेदांनीं जपले, त्यांच्याच पंक्तीला बसणाऱ्या अथर्ववेदांत खोकला जावा, केंस वाढावे, घरांतलीं माणसें निजावीं, यासाठींहि सूक्तें आहेत. आणि आमच्या घराचें म्हणाल, तर माजघरांत वाती वळीत बसलेल्या चौऱ्यायशीं वर्षांच्या काकूंच्या जिभेवर ही विद्या अजून आहे. मीठ, मोहऱ्या व मिरच्या ओंवाळून दृष्ट काढणें, बाळाची उचकी थांबविणें, डोळ्यांतला कण काढणें, कार्तवीर्याचें स्मरण करून हरवलेली वस्तु शोधणें. आम्ही त्या वर्गाचें नांव ठेविलें 'जाणती', आणि वहींत तीस मंत्र लिहिले.

पण मंत्र लिहिणें सोपें, वर्ग रचणें कठीण, हें पहिल्याच संध्याकाळीं कळलें. लहान मंत्र फुकट ठेवले, तर ते लहान राहतच नाहींत. एका माणसाला क्षणभर पेंग आणणारा मंत्र जाणतीनें किल्ल्याच्या दारावरील अकरा पहारेकऱ्यांवर एकामागून एक चालविला, आणि पुतण्याचा योद्धा तरवार हातीं घेऊन तसाच उभा राहिला. तो रागावून जेवावयास उठून गेला. दुसऱ्या दिवशीं आम्ही प्रत्येक मंत्राला दिवसांतून तीनच वेळां अशी मर्यादा घातली; तेव्हां जाणती केवळ एक दरिद्री मांत्रिक झाली, आणि तिची गंमतच गेली. शेवटीं तोड सांपडली ती स्वयंपाकघरांतून. काकू एका हातानें दूध उतूं जाऊं देत नाहींत व दुसऱ्या हातानें वाती वळतात. तिसरें काम आलें, तर दोहोंपैकीं एक सोडावें लागतें. तोच नियम केला. मंत्र कितीहि वेळां म्हणावा, पण एका वेळीं दोनच चालूं राहतील. तिसरा आरंभिला कीं पहिला सुटला. म्हणजे तिसरा पहारेकरी पेंगतांच पहिला जागा होतो! जाणतीची खरी करामत दोन मंत्रांची जोडी कशी लावावी यांत आली: दिवा मालवणें आणि पाउलांचा आवाज बुजविणें, कुत्र्याला ओळख पटविणें आणि कडी सैल करणें.

अनुभव वाढतो तसे इतर वर्गांना मोठमोठे मंत्र मिळतात. जाणतीला ते द्यावयाचे नाहींत, यावर पुतणी अडून बसली, व तिचें बरोबर होतें. मंत्र तोच, मात्र त्याचें क्षेत्र वाढतें. प्रारंभीं एका पानावरचें अन्न ऊन राहील. पुढें सबंध पंगतीचें.

तिसऱ्या दिवशीं काकूंनीं यादी वाचून दाखविण्यास सांगितलें. त्या हंसत होत्या, मधून मधून दुरुस्त्याहि सुचवीत होत्या. एकोणिसावा मंत्र होता 'विंचू उतरविणें'. पुतणीनें वाचलें, "रोग्याचें विष तत्काळ उतरतें." काकूंचे हात थांबले.

त्यांची धाकटी बहीण विंचवानें गेली, एवढेंच आम्हांस ऐकून ठाऊक होतें. त्यांनीं त्या दिवशीं सारें सांगितलें. १९५० सालची गोष्ट. बहीण सात वर्षांची. गोवऱ्या काढतांना तांबडा विंचू डसला. घाम फुटला, वांत्या झाल्या, हातपाय गार पडले. वडिलांनीं परभणीस नेण्यासाठीं बैलगाडी जुंपावयास लावली. इतक्यांत विंचू उतरविणारे एक गृहस्थ आले. त्यांनीं पाण्याचा तांब्या घेऊन मंत्र म्हटला, विष गुडघ्याहून घोट्यावर आल्याचें सांगितलें. मुलगीहि 'बरें वाटतें' म्हणाली. वडिलांनीं बैल सोडले. पहांटेपूर्वीं ती गेली.

असल्या मंत्राची ख्याति कशी होते, तें उघड आहे. बहुतेक विंचवांचा दंश दुःसह असला तरी प्राणघातक नसतो, व कांहीं तासांनीं आपोआप शमतो. श्रेय मंत्राला मिळतें. तांबड्या विंचवाचें विष मात्र हृदयावर व फुप्फुसांवर घाव घालतें. आपल्याच मराठवाड्यांतल्या, जालना जिल्ह्यांत जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं महाडच्या परिसरांत असे रुग्ण रात्रंदिवस पाहिले, आणि रक्तदाबासाठीं वापरलें जाणारें प्राझोसिन हें औषध त्यांवर गुणकारी ठरतें, हें १९८६ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांतून जगापुढें मांडलें. गंभीर रुग्णांतील मृत्यूचें शेंकडा चाळिसांच्या घरांतलें प्रमाण त्यामुळें शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें गुन्हाहि ठरला आहे.

मी हें सारें सांगून म्हणालों, "काकू, १९५० सालीं परभणीच्या डॉक्टरांजवळहि हें औषध नव्हतें. गाडी गेली असती, तरी कदाचित्..."

"तें मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण बैल सोडले ना! दादा मरेपर्यंत तेंच बोलत होते."

मीं एकोणिसाव्या मंत्रावर काट मारण्यास सांगितलें. पुतणी म्हणाली, "काका, या खेळांत राक्षसहि असतात, ते कोणाला खरे वाटतात?" मीं म्हटलें, राक्षस पेडगांवांत कोणाला फसवीत नाहीं, विंचू गोवऱ्यांत आहे, आणि ओसरीवर शेजारचीं लहान मुलेंहि बसतात. ती मग दुसरी तडजोड काढूं लागली. मरणोन्मुखाला बरें न करतां केवळ धरून ठेवणारा एक लहान मंत्र मूळ खेळांत आहे, त्यासारखा हा करूं. मला तेंहि पटेना. तेवढेंहि विंचवाच्या मंत्रानें होत नाहीं.

निकाल दिला तो काकूंनीं. "काट मारूं नकोस ग. जसें झालें तसें लिही." आणि आतां वहींत आहे तें असें: रोगी शांत होतो, त्यास बरें वाटतें, पाहणारांसहि बरें वाटतें. विष होतें तसेंच राहतें. सूत्रधारानें घटका मोजणें थांबवूं नये. मात्र वैद्याकडे निघालेल्या प्रत्येकास 'तुम्ही अजून निघतां काय?' असें विचारावें.

हा नियम क्रूर आहे असें माझें अजूनहि मत आहे. खेळांतल्या सर्व मंत्रांपैकीं हा एकच खोटा, आणि तो म्हणणारीला तें ठाऊक. पांचव्या दिवशीं मी सूत्रधार होतों. शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाच्या योद्ध्याला विंचू डसला. जाणतीनें मंत्र म्हटला. मीं विचारलें, अजून निघतां काय? पुतणी खालीं पाहत राहिली. नियमाप्रमाणें तिला बोलतां येत नव्हतें. बाकीचे म्हणाले, आतां त्याला बरें वाटतें आहे, सकाळीं पाहूं. दोन प्रहर रात्र उलटतांच मीं त्याचा मृत्यु सांगितला. मुलानें फांसा अंगणांत भिरकावला. "पण तिनें मंत्र म्हटला होता!" असें तो ओरडला.

काकूंनीं आंतून विचारलें, "आतां त्या पोराचें काय?"

"कांहीं नाहीं, आजी. तो दुसरें पात्र घेईल."

"बरें आहे बाई," म्हणून त्यांनीं वातींचें तबक पुढें ओढलें.

सुटी संपली, आम्ही पांगलों. वही पेडगांवींच राहिली. परवां काकूंचा पुतणीला फोन आला होता. विंचवाविषयीं एक शब्दहि नव्हता. तक्रार होती ती कार्तवीर्याच्या मंत्राविषयीं. वहींत लिहिलें आहे कीं हरवलेली वस्तु हातीं येते. काकूंचें म्हणणें, वस्तु येत नसते. आपण ती कोठें ठेविली तें आठवतें. पुतणीनें नियम लगेच बदलला आहे. पण जिनें ती वस्तु स्वतः ठेविलेलीच नाहीं, तिला मग या मंत्राचा उपयोग काय, यावर दोघींचा वाद अजून चालूं आहे.