ती ओळ म्हणवेना तेव्हा

आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आहे. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात अमेरिकन मराठी मिशनच्या पाळकांकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि भाऊबंदांनी त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार तोडला. पुढे आजोबा रेल्वेत लागले, लोको शेडच्या नोकरीमुळे बिऱ्हाड कल्याणला आलं. माझा जन्म इथलाच. तान्ही असतानाच माझा बाप्तिस्मा झाला. पणजोबांनी ज्यासाठी सगळा गोतावळा गमावला, ते मला पाळण्यातच मिळालं.

संध्याकाळची प्रार्थना आमच्याकडे कधी चुकत नसे. रेव्हरंड टिळकांची भजनं आजी ‘उपासना संगीत’ न उघडता म्हणायची. प्रभूची प्रार्थना मला अक्षरओळखीच्या आधी पाठ होती. दृढीकरणाच्या वर्गाला बसले तेव्हा दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार, पाळकसाहेब विचारतील ते सगळं घडाघडा यायचं. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. आईवडिलांनी माझ्या वतीने दिलेलं वचन आता मी स्वतः स्वीकारते, असं मी मंडळीसमोर म्हटलं. म्हणताना मनात खोट नव्हती. पण ते वचन माझ्याकडून काही मागेल, असा प्रसंग तोवर आलेला नव्हता.

कॉलेजात मराठी विषय घेतला आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली. आमच्या घरात टिळकांचं नाव रोजचं, लक्ष्मीबाईंचं क्वचितच. लक्ष्मीबाईंचे पती, म्हणजे भजनांचे तेच रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, असं मानणारा तो काळ. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्यामागून गेल्या नाहीत. आधी नातेवाइकांकडे राहिल्या, पंढरपूरला राहिल्या. पुढे टिळकांबरोबर संसार पुन्हा सुरू झाला, तेव्हाही त्यांचं सोवळं त्यांच्याबरोबर होतं. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांच्याच विचाराला पटलं तेव्हा ते सोवळं सुटलं. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० साली. टिळकांसारखा कवी आणि उपदेशक नवरा असताना ही बाई पाच वर्षं स्वतःच्या पायांवर चालत तिथवर पोहोचली. मला त्या पाच वर्षांचा हेवा वाटला.

मग पंडिता रमाबाईंविषयी वाचलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी महाराष्ट्रातल्या सुशिक्षितांचा केवढा रोष त्यांनी ओढवून घेतला! तरीही पुढे लिहिलेल्या साक्षीत त्या म्हणतात की, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र सापडायचा होता. तो सापडला आठेक वर्षांनी. एवढी किंमत मोजून आलेल्या रमाबाईंनासुद्धा ती वाट पाहावी लागली, मग काहीच न मोजता आत जन्मलेल्या मुलीचं काय? हा प्रश्न मनात राहिला. नोकरी लागली, लग्न झालं, कल्याण-भायखळा ये-जा सुरू झाली, पण तो गेला नाही.

त्याचं उत्तर मला मिळालं ते वडील गेल्यानंतर.

आजोबांची कोळसेवाडीत चाळीतली एक खोली होती. चाळ पुनर्विकासाला निघाली आणि कागदपत्रांत एकट्या काकांचं नाव लागलं. वडिलांचं वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, स्मरणाची उपासना असते. तीही अजून व्हायची होती. आईला कळलं ते शेजाऱ्यांकडून. ती भांडली नाही. रात्री प्रार्थनेला मात्र बसेना.

त्यानंतरच्या रविवारी काका नेहमीच्या जागी, आमच्या पुढच्या बाकावर होते. सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणू लागली. मीही म्हणत होते. इतरांना आपण जशी क्षमा केली तशी आपल्याला मिळावी, असं मागणाऱ्या ओळीपर्यंत आले आणि आवाज थांबला. समोर काकांची मान दिसत होती. माझ्या मनात त्यांच्यासाठी काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि त्याच मापाने मला मोजून दे, असं मी देवाकडे मागायला निघाले होते. बोलायला लागल्यापासून म्हटलेली ती ओळ. तिचा अर्थ त्या दिवशी माझ्यापर्यंत आला, आणि आला तेव्हा ती मला म्हणवेना.

पुढचे कित्येक रविवार मी त्या ओळीपाशी गप्प राहत होते. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. चर्चला जाणं, गाणं, दान देणं सगळं चालू होतं. तेवढी एक ओळ सोडली तर माझ्या ख्रिस्ती असण्यात बाहेरून काही उणं नव्हतं.

त्या दिवसांत मी लोकलमध्ये शुभवर्तमान वाचू लागले, चौथ्या सीटवर, गर्दीत पुस्तक छातीशी धरून. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला संडे स्कूलमध्ये कितीदा ऐकला होता. राजा चाकराला दहा हजार तलांतांचं कर्ज सोडतो आणि तोच चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. लहानपणी वाटायचं, शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम. या वेळी हिशेब केला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दीनार ही तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई. गरीब माणसाला ती बुडाली तर घर उपाशी राहील. एक तलांत सुमारे सहा हजार दीनारांचा, तेव्हा दहा हजार तलांत कुणी जन्मोजन्मी राबूनही फेडू शकणार नाही. येशूने चाकराचं येणं खोटं ठरवलेलं नाही, हे मला तेव्हा दिसलं. ते खरं आहे, मोठं आहे, आणि तरी त्याला विचारलं जातं: तुला किती सुटलंय ते आठवतं का? आईवरचा अन्याय लहान करून मला कुणी क्षमा करायला सांगत नव्हतं. तो पुरता मोजून मग गळ्यावरचा हात सोडायला सांगत होतं.

हे आजी सांगू शकली नसती, पाळकसाहेबही नाहीत. मला हे कुणीतरी थेट विचारत होतं आणि उत्तर मलाच द्यायचं होतं. येशू माझ्यासाठी घरातल्या भिंतीवरचा, भजनातला, आजीचा होता. त्या गाडीत तो मला नावाने ओळखणारा झाला.

आईशी बोलून मी काकांकडे गेले. कागदात आईचं नाव लागलंच पाहिजे, तो तिचा हक्क आहे, हे स्पष्ट सांगितलं. तुमच्याविषयी मनात धरलेला राग मी सोडला आहे, हेही सांगितलं. काका काही बोलले नाहीत. काकूने चहा दिला, मी प्यायले. नावाचा प्रश्न पुढे बरीच वर्षं रेंगाळला. पण काकांकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी मी प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.

आमच्या कल्याणच्या इतिहासात एक गोष्ट आहे, तिचा मी वारंवार विचार करते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की, कल्लियाना नावाच्या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. जिथे बिशप, तिथे मंडळी असणार, बाप्तिस्मे होत असणार, लेकरांना प्रार्थना शिकवल्या जात असणार. आज कल्याणात मराठी, मल्याळी, तमिळ, इंग्रजी उपासना चालतात, पण त्यातल्या कुणी स्वतःला त्या जुन्या मंडळीचा वंशज म्हणवल्याचं मी ऐकलेलं नाही. एवढ्या मोठ्या वारशाचाही मागमूस राहत नाही. पुढची पिढी आपल्या पोटी जन्मली म्हणून विश्वास आपोआप पुढे जाईल, या भरवशावर मी तरी राहू शकत नाही.

पण वारशाला मी कमी लेखणार नाही. आजीने ती प्रार्थना माझ्या जिभेवर ठेवली नसती, तर अडखळायला माझ्यापाशी ओळच नसती. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं विचार करता आला, कारण वाद घालायला त्यांना टिळक होते. घराने शब्द द्यावेत, भरभरून द्यावेत. त्यांना ‘हो’ म्हणण्याचा दिवस ज्याचा त्याला येऊ द्यावा.

यंदा माझी मुलगी दृढीकरणाच्या वयाची आहे. तिच्या बरोबरीच्या सगळ्या जणी घेताहेत, हिलाच का मागे ठेवायचं, असं सासूबाईंना वाटतं. मी तिला म्हटलं, वर्गाला बस, मनातलं सगळं विचार, वचन मात्र तुला द्यावंसं वाटेल तेव्हा दे. यंदा नको, असं ती म्हणाली. पाळकसाहेबांनी ते मनाला लावून घेतलं नाही, उलट तिला वर्गाला येत राहायला सांगितलं. ती नेमाने जाते. परवा घरी येऊन तिने विचारलं, “आई, काकाआजोबांना तू खरंच माफ केलंस?” मी ‘हो’ म्हटलं. ते दर रविवारी पुन्हा करावं लागतं, हेही तिला सांगितलं.